पोलीस ठाण्यापासून निकालापर्यंत: पीडित मुलासोबत उभं राहायचं काम कसं करायचं

एमएसडब्ल्यू झालेल्या, लॉ करणाऱ्या, कधी आशा किंवा अंगणवाडीत काम केलेल्या बऱ्याच जणी विचारतात की गुन्ह्यातल्या पीडितांसाठी काम करायचंय, सुरुवात कुठून करू. आपल्याकडे यासाठी एकच अशी पोस्ट नाहीये. पोलीस ठाण्यात बसणाऱ्या स्पेशल सेलच्या समाजसेविका आहेत (टाटा इन्स्टिट्यूटनं १९८४ मध्ये मुंबईत हे सुरू केलं), सखी वन स्टॉप सेंटर आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरा लीगल व्हॉलंटियर आहेत. पण नियमांत नाव घेऊन ज्याला जागा दिलीय असं काम म्हणजे पोक्सोमधली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) सपोर्ट पर्सन, केस चालेपर्यंत मुलासोबत राहणारी व्यक्ती, म्हणून मी मुख्यतः त्याबद्दल लिहितेय, मोठ्या बायकांच्या केसमध्येही यातलं बरंचसं कामाला येईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, केस त्या मुलीची आहे. तुम्ही वकील नाही, तपासी अधिकारी नाही, घरातल्या मोठ्या बहिणीसारखा निर्णय घेणाऱ्याही नाही. पुढे काय होणार हे तिला आणि घरच्यांना आधी कळलं पाहिजे आणि कोर्टात जे बोलायचं ते शंभर टक्के तिचंच असलं पाहिजे, या दोन गोष्टी सांभाळल्या की तुमचं काम झालं. ऐकायला सोपं वाटतं पण दोन-तीन वर्षं केस चालते तेव्हा रोज कुठेतरी यातली एक गोष्ट सुटायला लागते.

नेमणूक कशी होते

पोक्सोची तक्रार आली की पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला, म्हणजे सीडब्ल्यूसीला कळवायचं असतं. मग समिती मुलाच्या आणि पालकांच्या संमतीनं सपोर्ट पर्सन देते, हे २०२० च्या पोक्सो नियमांमध्ये आहे. बाल हक्कांवर काम करणारी संस्था किंवा व्यक्ती, बालगृहातले अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्षातले लोक हे काम करू शकतात. त्यामुळे तुम्हाला यात यायचं असेल तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जाऊन बाल संरक्षण कक्षाला भेटा, अर्ज द्या, मानधनाचं काय ते तिथेच आधी विचारून घ्या (नियमात मानधनाची तरतूद आहे, फुकट करायचं काम नाहीये हे), आणि स्वतःची पहिली केस घ्यायच्या आधी एखाद्या जुन्या कार्यकर्तीच्या मागे थोडे महिने फिरा. पुस्तकातून हे काम येत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की सपोर्ट पर्सन द्यायची की नाही हे नुसतं पालकांच्या मर्जीवर सोडायचं नाही, पालकांना त्याची माहिती आणि महत्त्व समजावून सांगायला पाहिजे. तरी अजून कित्येक घरांना अशी कोणी मिळू शकते हेच माहीत नसतं. आणि एक, मूल कधीही म्हणू शकतं की मला ही ताई नको, आणि त्याला कारण द्यावं लागत नाही. असं झालं तर वाईट वाटून घेऊ नका, समितीला कळवा, दुसरी व्यक्ती नेमू द्या.

नेमणुकीचं पत्र मिळालं की त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. पोलिसांनी तुमच्या नेमणुकीची माहिती २४ तासांत विशेष कोर्टाला लेखी द्यायची असते, ती गेली का ते विचारा. नाहीतर साक्षीच्या दिवशी दारात उभं राहून ‘तुम्ही कोण’ याचं उत्तर देत बसावं लागतं, आणि मूल तेव्हा एकटं आत गेलेलं असतं.

पहिली भेट

पहिल्या भेटीत घटनेबद्दल विचारू नका. अजिबात नाही. त्या मुलीनं ते आईला सांगितलेलं असतं, मग शाळेतल्या बाईंना, मग पोलिसांना, मग डॉक्टरांना, पुढे मॅजिस्ट्रेटसमोर सांगायचंय, तुम्हाला ते पुन्हा ऐकायची गरज नाही. शिवाय तुम्ही खोदून विचारलंत आणि वहीत लिहून ठेवलंत तर उद्या बचाव पक्ष तुम्हालाच साक्षीदार करायला मागेल. ती आपणहून बोलायला लागली तर गप्प बसवू नका, ऐका, पण पुढचे प्रश्न विचारू नका.

दोन आश्वासनं कधीच द्यायची नाहीत. एक, ‘मी कोणाला सांगणार नाही’. पोक्सोच्या कलम १९ नुसार ज्याला कळलं त्यानं कळवणं बंधनकारक आहे, तुम्हालाही, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. मुलीनं आणखी एका माणसाचं नाव घेतलं तर तुम्हाला ते सांगावंच लागेल, मग दिलेला शब्द मोडला की तिचा तुमच्यावरचा विश्वास गेला. त्याऐवजी सांगा की तू सांगितलेलं मी शेजारीपाजारी, नातेवाईकांत कुठे बोलणार नाही, पण तुला धोका असेल तर ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांना सांगीन आणि सांगायच्या आधी तुला सांगीन. दुसरं आश्वासन ‘त्याला शिक्षा होणारच’. ते तुमच्या हातात नाही.

मग पहिल्या भेटीत करायचं काय? आरोपी कुठे राहतो ते बघा. त्याच घरात, त्याच वाड्यात, त्याच गल्लीत असेल तर आधी मुलगी सुरक्षित कुठे राहील याचं समितीशी बोला. झोप, जेवण, शाळा सुरू आहे का. आईची मजुरी किती दिवस बुडलीय. पाळी चुकलीय का हे डॉक्टरांना बघू द्या पण उशीर होऊ देऊ नका, कारण बलात्कारातल्या गर्भधारणेत आणि अल्पवयीन मुलींसाठी गर्भपाताची कायद्यातली मर्यादा २४ आठवडे आहे, त्यापुढे मेडिकल बोर्ड आणि हायकोर्टाचा फेरा लागतो आणि त्या फेऱ्यात मुलीचे जे हाल होतात ते टाळता येण्यासारखे असतात. घरात पैशाची फारच अडचण असेल तर जेवण, प्रवास, कपडे अशा तातडीच्या गरजांसाठी लगेच मदत द्यायची शिफारस समिती करू शकते, हे नियमातच आहे, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

पोलीस ठाणं

१ जुलै २०२४ पासून नवीन कायदे आलेत, फौजदारी केस कशी चालवायची ते सांगणाऱ्या सीआरपीसीच्या जागी बीएनएसएस. हद्द आमची नाही हे उत्तर आता चालत नाही, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, कलम १७३. एफआयआरची कॉपी फिर्यादीला किंवा पीडितेला फुकट मिळते. घ्यायलाच नकार दिला तर लेखी अर्ज एसपींना किंवा शहरात असाल तर डीसीपींना, रजिस्टर पोस्टानं, पावती जपून ठेवा, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. ठाणे अंमलदाराशी भांडण काढू नका. त्याच माणसाकडे पुढची दोन वर्षं तुम्हाला जायचंय. शांतपणे कलम सांगायचं, सीनियर पीआयना भेटायचं म्हणायचं, आणि बसून राहायचं, बऱ्याचदा एवढ्यावर काम होतं.

मुलाचा जबाब पोलीस ठाण्यातच व्हायला पाहिजे असं नाही. पोक्सोचं कलम २४ म्हणतं की घरी किंवा मूल म्हणेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकारी, पीएसआयच्या खालच्या दर्जाची नको, आणि अंगावर युनिफॉर्म नको. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. हे सगळं तुम्ही आधी फोन करून ठरवलंत तर होतं, तिथे पोचल्यावर आठवण करून दिलीत तर सगळ्यांची चिडचिड होते.

आता जबाब, यावर जरा थांबते कारण केसचं पुढचं बरंचसं भवितव्य इथे ठरतं. पोक्सोच्या कलम २६ मध्ये स्पष्ट आहे की मूल जसं बोललं तसं लिहायचं, आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती समोर असताना. प्रत्यक्षात काय होतं की सात वर्षांची मुलगी म्हणते ‘त्या काकांनी चड्डीत हात घातला आणि मला शू करताना दुखलं’ आणि कागदावर येतं ‘सदर इसमाने माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले’. आता कोर्टात हीच मुलगी परत स्वतःच्या शब्दांत सांगते, आणि उलटतपासात बचाव पक्षाचा वकील विचारतो की हे तर तू पोलिसांना सांगितलंच नव्हतंस. वरून त्या एका वाक्यानं गुन्ह्याचं कलमसुद्धा बदलू शकतं, कारण नेमकं काय केलं तेच कागदावर नाही. म्हणून तिथून उठायच्या आधी जबाब मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. तारीख, वार, शाळा सुटायची वेळ, घराची दिशा, आरोपीचं नाव आणि तो कोण लागतो, मुलीचं वय जन्मदाखल्याप्रमाणे, हे एकेक करून बघा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्यायची, आणि ती मुलीनं किंवा आईनं सांगायची, तुम्ही नाही. तुम्ही फक्त म्हणायचं की मॅडम, ती काहीतरी सांगतेय, एकदा ऐकून घेता का. नंतर काही आठवलं तर पुरवणी जबाब देता येतो हे घरच्यांना सांगून ठेवा, घाबरून सगळं एकाच दिवशी आठवायची गरज नाही.

मोठी बाई असेल तर बलात्काराच्या केसमध्ये तिचा जबाब तिच्या घरी, महिला पोलीस अधिकाऱ्यानं, आणि नातेवाईक किंवा त्या भागातली समाजसेविका हजर असताना घ्यायची सोय बीएनएसएसच्या कलम १७६ मध्ये आहे. तिला हवं असेल तर तिच्याशेजारी बसायचा तुमचा आधार तो आहे.

हॉस्पिटलबद्दल थोडक्यात. पोक्सो आणि बलात्काराच्या पीडितांवर सरकारी असो की खाजगी, प्रथमोपचार आणि उपचार फुकट, एफआयआर नसला तरी. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनं करायची. टू फिंगर टेस्ट (योनीत बोटं घालून करायची तपासणी) करायची नाही, सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये अगदी कडक शब्दांत सांगितलंय, कोणी करायला लागलं तर तिथेच थांबवा आणि मेडिकल सुपरिंटेंडेंटना बोलवा. कपडे धुवू नका, प्लास्टिकच्या नाही तर कागदी पिशवीत ठेवा, हे आईला पहिल्या फोनवरच सांगा.

मधला काळ

चार्जशीट झाली की सगळं थंड पडतं. पोलीस फोन करत नाहीत, वकील ओळखत नाही, आणि आरोपीकडची माणसं मात्र रोज दारात येतात. केसेस कोर्टात पडायच्या आधी इथेच मोडतात. गावातले चार प्रतिष्ठित येऊन ‘मिटवून टाका, पोरीचं लग्न व्हायचंय’ म्हणतात, सासरच्या नात्यातला आरोपी असेल तर आईला घराबाहेर काढायची धमकी मिळते. तुमचा दर आठवड्याचा फोन इथे लागतो. काही काम नसताना केलेला फोन. नुसतं विचारायचं शाळेत गेली का, जेवली का.

धमकी आली की तारीख, वेळ, कोण आलं, काय म्हणालं, हे त्याच दिवशी लिहून घ्या, मेसेज असेल तर स्क्रीनशॉट, आणि लेखी तक्रार ठाण्यात. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ आहे, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो, पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो. सरकारी वकिलांनाही कळवा, जामीन रद्द करायला याचा उपयोग होतो.

जामिनाचं बघा. पोक्सोच्या केसमध्ये आरोपीनं जामीन मागितला तर पीडितेकडच्यांना नोटीस मिळाली पाहिजे, मुंबई हायकोर्टानं २०२१ मध्ये हे सांगितलंय. ॲट्रॉसिटीची कलमं लागली असतील तर कलम १५ए मध्ये हा हक्क थेट कायद्यातच आहे. तरी आरोपी सुटलाय हे मुलीला तो गल्लीत दिसल्यावर कळतं असं होतं, आणि त्या दिवसानंतर ती शाळेत जायची बंद होते. म्हणून ई-कोर्ट्सचं ॲप फोनमध्ये टाका, केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर सेव्ह करा, आणि तारखांवर नजर ठेवा. तपास कुठवर आलाय हे ९० दिवसांत पीडितेला कळवायचं बंधन पोलिसांवर बीएनएसएसच्या कलम १९३ नं टाकलंय, आयओला, म्हणजे तपासी अधिकाऱ्याला, व्हॉट्सॲपवर नम्रपणे तेवढीच आठवण करून द्यायची.

विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील घ्या. सरकारी वकील आहे मग आपला कशाला, असं घरचे म्हणतात. पण सरकारी वकील सरकारचा असतो, त्याच्याकडे बोर्डावर ढीगभर केसेस असतात. बायका आणि मुलांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. आणि एक महत्त्वाचं म्हणजे पीडितेचा वकील असेल तर चार्जशीट आणि सोबतच्या कागदांची प्रत तिला फुकट मिळते, बीएनएसएस कलम २३०. वकीलपत्र नसेल तर त्याच कागदांच्या नकलेसाठी खेटे मारावे लागतात.

पैशाचं पण याच काळात करायचं. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला यासाठी, दहा लाखांपर्यंत, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. निकालाची वाट बघायची नसते. आधार, बँक पासबुक, एफआयआर, मेडिकल, मुलीच्या नावाचं खातं नसेल तर आधी ते उघडा, खात्याअभावी फाईल पडून राहू देऊ नका. काही घरं म्हणतात की पैसे घेतले तर लोक म्हणतील पैशासाठी केस केली. मी त्यांना सरळ सांगते की हा तिचा हक्क आहे, दान नाही आणि सौदाही नाही. बचाव पक्ष हे विचारेलही कोर्टात, विचारू दे, सरकारची योजना आहे हे उत्तर खरं आहे.

साक्षीचा दिवस

याची तयारी म्हणजे काय आणि पढवणं म्हणजे काय यातला फरक तुम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगता आला पाहिजे. कोर्ट कसं असतं, कोण कुठे बसतं, काळा कोट कोणाचा, जज मॅडम कुठे, तू कुठे, मी कुठे, हे सांगणं तयारी. प्रश्न कळला नाही तर ‘कळलं नाही’ म्हण, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हण, पाणी पाहिजे, शू लागली, थांबायचंय तर हात वर कर, हे सांगणं तयारी. काय घडलं ते कसं सांगायचं, कुठला शब्द वापरायचा, रडायचं की नाही, यातलं एक अक्षर जरी तुम्ही बोललात तर ते पढवणं. जबाब वाचून घ्यायचा असेल तर ते सरकारी वकिलांचं काम, त्या वेळी तुम्ही खोलीबाहेर थांबलेलं बरं. कारण उलटतपासात हमखास येणारा प्रश्न आहे, ‘कोर्टात काय सांगायचं ते या ताईंनी तुला शिकवलं ना?’ आणि मुलीला खरं उत्तर देता आलं पाहिजे की ताईंनी सांगितलं खरं बोल, कळलं नाही तर विचार.

एक-दोन दिवस आधी मुलीला रिकामं कोर्ट दाखवून आणा, सरकारी वकिलांमार्फत परवानगी मिळते. तुमच्या जिल्ह्यात असुरक्षित साक्षीदारांसाठीचं केंद्र आहे का ते विचारा, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सगळ्या जिल्ह्यांत ती करायला सांगितलीयत. तिथे वेगळी वेटिंग रूम असते, वेगळा रस्ता असतो. नसेल तर पडदा किंवा व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) मागा, साक्ष देताना आरोपी मुलाला दिसता कामा नये हे पोक्सोचं कलम ३६ आहे. सुनावणी बंद दाराआड. हे सगळं सरकारी वकिलांना आदल्या आठवड्यातच आठवण करून द्या.

दिवस मोठा असतो. अकराला बोलावतात आणि पुकारा तीनला होतो. डबा, पाण्याची बाटली, चित्रांची वही, एक जादा ड्रेस, आईची औषधं. कॅन्टीनमध्ये नेऊ नका, तिथे आरोपीचे नातेवाईक समोसे खात बसलेले असतात. स्वच्छ बाथरूम कुठल्या मजल्यावर आहे ते तुम्ही आधी बघून ठेवा, कारण दोन तास दाबून धरलेलं मूल साक्षीत काय बोलणार. आरोपीच्या घरची बाई येऊन मुलीच्या डोक्यावरून हात फिरवायला लागली तर मध्ये उभ्या राहा, काही बोलायची गरज नाही, नुसतं मध्ये.

आत गेल्यावर लहान मुलाला जज आधी साधे प्रश्न विचारतात, नाव काय, कितवीत आहेस, खरं बोलणं म्हणजे काय. ते मुलाला समजतंय का हे बघायला असतं. मग सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, मग उलटतपास. पोक्सोत दोन्ही बाजूंच्या वकिलांनी प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी मुलाला विचारायचे असा नियम आहे, कलम ३३. सगळीकडे तो पाळला जातोच असं नाही. आणि ती आपली कोर्टातली वाक्यं, ‘हे म्हणणं खरं नाही का की आईच्या सांगण्यावरून तू आज खोटं बोलत आहेस’, यावर आठ वर्षांचं मूल हो म्हणालं काय आणि नाही म्हणालं काय, त्याला प्रश्नच कळलेला नसतो. तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, तो अधिकार तुमचा नाही. पण सरकारी वकिलांना आधीच सांगून ठेवा की मुलीला असे प्रश्न कळत नाहीत, तोडून विचारायची विनंती करा, आणि मूल थकलेलं दिसलं की ब्रेक मागा, ब्रेक देणं हेही कलम ३३ मध्येच आहे. मी पाहिलंय की बहुतेक जज हे ऐकतात, फक्त कोणीतरी वेळेवर म्हणावं लागतं.

बाहेर आल्यावर ‘काय विचारलं, काय सांगितलंस’ हे आईलाही विचारू देऊ नका, विशेषतः उलटतपास अर्धा राहिला असेल तर. खायला घाला, घरी न्या. तारीख पडली, साक्ष झालीच नाही, असं होणारच आहे. मुलीला आदल्या दिवशीच सांगा की उद्या कदाचित होईल, कदाचित नाही होणार. प्रवासभत्ता कोर्टात मागता येतो, मजुरीवर जाणाऱ्या आईसाठी तो छोटा नसतो.

तुमच्या फोनमध्ये मुलीचं नाव, फोटो, शाळा यातलं काही ग्रुपवर जाता कामा नये, पत्रकार मित्राला तर नाहीच. ओळख उघड करणं गुन्हा आहे, बीएनएसचं (आयपीसीच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता) कलम ७२ आणि पोक्सोचं २३. फोनमध्ये नाव सेव्ह करताना नुसता केस नंबर टाका. आणि एका वेळी किती केसेस घ्यायच्या हे ठरवा. झोप उडायला लागली, स्वतःच्या पोरांवर विनाकारण ओरडायला लागलात, तर सीनियरशी बोला आणि नवीन केस घेऊ नका, थकलेली ताई त्या मुलीला तारीख सांगायला विसरते.

निकालानंतर

निकाल काहीही लागो, त्या दिवशी घरी जा. निर्दोष सुटका झाली तर मुलीला पहिलं वाटतं की जजनी मला खोटारडी म्हटलं. पुरावा कमी पडणं आणि खोटं बोलणं या वेगळ्या गोष्टी आहेत हे तिला तिच्या भाषेत, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. पीडितेला सुटकेविरुद्ध स्वतः अपील करता येतं, बीएनएसएस कलम ४१३, पण मुदत असते म्हणून निकालाची नक्कल लगेच मागा आणि विधी सेवेच्या वकिलाला दाखवा. अपील करायचं की नाही हे त्या घरानं ठरवायचं. काही जण म्हणतात आता बास, आणि ते म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

शिक्षा झाली तरी नुकसानभरपाईचं निकालात आहे का ते वाचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सांगितलंय की विशेषतः अल्पवयीन मुलांवरच्या आणि बायकांवरच्या लैंगिक अत्याचारात सेशन्स कोर्टानं भरपाईचा आदेश द्यायचाय. नसेल तर वकिलामार्फत अर्ज करा. आणि तुमची फाईल बंद करायच्या आधी एफआयआर, निकालाची नक्कल, प्राधिकरणाचा आदेश, भरपाईच्या पैशातून मुलीच्या नावावर एफडी ठेवली असेल तर तिची पावती, या सगळ्याचा एक सेट लॅमिनेट न करता साध्या फोल्डरमध्ये घालून आईच्या हातात द्या, आणि दुसरा सेट सीडब्ल्यूसीच्या फाईलला लावा, कारण मुलगी अठराची होऊन बँकेत जाईल तेव्हा तिला हेच कागद मागणार आहेत.